थांबायचं कुठं ते आधी ठरवा

दिवाळीचे दिवे उतरवले की आमच्या नाशिकच्या सायकल क्लबच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, ताई पहिली राईड कधी, यंदा सप्तशृंगी करूया का, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी आले म्हणे, वगैरे वगैरे. सगळे रस्त्याबद्दल बोलत असतात आणि मी कागद घेऊन बसते ती थांबे लिहायला. गेले सहा हिवाळे आमच्या रविवारच्या राईड्सचं मी बघतेय, आणि एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट पक्की कळलीय ती म्हणजे थंडीत सायकल चालवताना माणसाला काही होत नाही, जे काय होतं ते थांबल्यावर होतं.

बघा ना, त्र्यंबक रोडला आपण सातपूर सोडतो तेव्हा सगळे कुडकुडत असतात, कानटोपीवर हेल्मेट, हातात ग्लोव्हज, कोणी बोलत पण नाही. महिरावणी येईपर्यंत अंग गरम होतं, अंजनेरीचा चढ लागला की जर्सी पाठीला चिकटते, लोक विंडचीटरच्या चेनी उघडतात, आणि वर पोचल्यावर फोटोसाठी पंधरा मिनिटं उभे राहतात. हीच ती पंधरा मिनिटं. घाम तसाच अंगावर, वारा मोकळा, आणि त्यानंतर उतार. हवा १० अंशाची असेल आणि तुम्ही ३० च्या स्पीडनं उतरत असाल तर उघड्या कातडीला ती ६-७ अंशांसारखी लागते, त्यात कपडा ओला असला तर विचारूच नका. ब्रेकवरची बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी उतारावर सायकल आवरणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

म्हणून आमच्याकडे चढ संपला की वर थांबायचं नाही असा नियम आहे. चढाच्या आधी थांबायचं, कपडे कमी करायचे, आणि वर गेल्यावर पाय खाली टेकवून फक्त विंडचीटरची चेन लावायची नि निघायचं. आणि एक जुनी युक्ती आहे जी मला आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या काकांनी शिकवली, की खिशात घडी घातलेला पेपर ठेवायचा आणि उताराआधी तो जर्सीच्या आत छातीवर सरकवायचा. मी आधी नुसतं ऐकून घेतलं होतं. एकदा करून बघितलं आणि तेव्हापासून शनिवारचा पेपर आमच्या घरी रद्दीत जात नाही. कागद वारा अडवतो, घाम थोडा शोषतो, खाली आल्यावर काढून टाकता येतो (कचरापेटीत, रस्त्यात नाही, हे दर वर्षी सांगावं लागतं).

सुरुवातीच्या वर्षी मी थांबे कसे ठरवायचे तर जिथं छान दिसतं तिथं. गंगापूर धरणाची राईड सगळ्यांना आवडते, शहरापासून जवळ, जाऊन-येऊन तिसेक किलोमीटर, नवीन माणसाला पण झेपते. तर मी थांबा ठेवला होता धरणाच्या पाण्याकडेला. सकाळी पावणेसात. पाण्यावरून जो वारा यायचा तो हाडात जायचा, पुढचे लोक वीस वीस मिनिटं मागच्यांची वाट बघत दात वाजवत उभे, आणि शेवटचे दोघं-तिघं धापा टाकत पोचले रे पोचले की पुढचे म्हणणार चला चला गारठलो. म्हणजे पुढच्यांना नको एवढी विश्रांती आणि मागच्यांना काहीच नाही! जो सगळ्यात दमलेला आहे त्यालाच थांबायला मिळत नाही, आणि असं दोन-तीन रविवार झालं की तो माणूस यायचा बंद होतो, कारण पण सांगत नाही, म्हणतो जरा काम होतं. माझ्या लक्षात यायला एक अख्खा सीझन गेला.

आता घड्याळ शेवटच्या माणसापासून सुरू होतं. शेवटची सायकल स्टॅण्डला लागली की तिथून सात मिनिटं. पुढच्यांना थंडी वाजत असेल तर त्यांनी मागं फिरून शेवटच्यांना भेटायचं आणि त्यांच्याबरोबर परत यायचं, त्यात त्यांचे दोन किलोमीटर जास्त होतात आणि अंग पण गरम राहतं. थांबा कायम आडोशाचा, शक्यतो पूर्वेला तोंड असलेला, म्हणजे ऊन आलं की आधी तिथं येतं. एखादी शाळेची भिंत, देवळाचा ओटा, चहाची टपरी जिच्यामागं घर आहे. नवीन रस्ता ठरवायचा असेल तर मी आणि अजून एकजण आदल्या आठवड्यात त्याच वेळेला तिथं जाऊन बघून येतो, दुपारी जाऊन उपयोग नाही, दुपारी सगळीकडेच ऊन असतं.

आता वाघेऱ्याचं सांगते. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं पण मग बाकीचं सगळं का करतो ते कळणार नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. गिरणाऱ्यावरून पुढं वाघेरा घाटापर्यंत राईड होती, एकवीस जण. एक वहिनी होत्या, पन्नाशीच्या, त्यांची ती आमच्याबरोबरची चौथी राईड, आणि चांगल्या चालवायच्या, हळू पण सलग. परतीला एका वळणानंतर त्यांच्या मागच्या चाकात सराटा घुसला. पावसाळ्यानंतर सराटे वाळतात आणि रस्त्याच्या कडेला पडून असतात, टायर थोडा जुना असला की थेट ट्यूबपर्यंत. सगळ्यात मागं राहायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला खूप थंडी भरून आली होती म्हणून तो माझी परवानगी घेऊन पुढं गेला होता, आणि परवानगी देताना मी त्याच्या जागी दुसरं कोणी ठेवलं नाही. चूक माझी. मला वाटलं सगळे एकत्रच तर आहेत, उतार आहे, दहा मिनिटांत खाली.

खाली थांबलो, चहा झाला, गप्पा झाल्या. वहिनी नाहीत हे कळायला चाळीस मिनिटं लागली. फोन लावला तर तिथं रेंज नाही. दोघं उलटे निघालो, मला तो चढ किती लांब वाटला ते सांगता येत नाही. त्या रस्त्याकडेच्या एका घरात होत्या. सावलीत उभ्या राहून हात एवढे गार पडले होते की टायर लिव्हर धरता येत नव्हता, तर त्या घरातल्या आजींनी बघितलं आणि आत बोलावून चुलीपाशी बसवलं, अंगावर गोधडी टाकली, कोरा चहा दिला. मी आत गेले तर वहिनी माझ्याकडे बघून रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मला कुणी मोजलंच नाही का गं?"

यावर काय बोलणार. मी त्यांच्याशेजारी चुलीपाशी बसले, पंक्चर दुसऱ्यानं काढलं, आम्ही परत आलो. त्या नंतर आमच्याबरोबर राईडला आल्या नाहीत. कधीतरी सकाळी गंगापूर रोडला एकट्या दिसतात, हात करतात, मी पण करते. दर वर्षी पहिल्या राईडचा पहिला मेसेज मी त्यांना पाठवते.

तर आता आम्ही मोजतो. शाळेत पीटीला मोजायचे तसं, निघताना प्रत्येकाला नंबर आणि प्रत्येक थांब्यावर मोठ्यानं एक, दोन, तीन. नवीन लोकांना पहिल्यांदा लाज वाटते, मोठी मोठी माणसं, डॉक्टर, इंजिनिअर, टपरीवर उभं राहून अकरा बारा ओरडतायत. पण जो नंबर येत नाही तो लगेच कळतो. सगळ्यात मागं आता एक नाही दोन जण, त्यांच्याकडे पंप, दोन ट्यूब, लिव्हर, फर्स्ट एड आणि एक जास्तीचं कोरडं जॅकेट. त्यातला एक थकला तर तो पुढं जायच्या आधी दुसरा नेमायचा, तोंडी नाही, त्याच्या हातात ती बॅग द्यायची. बॅग ज्याच्या पाठीवर तो शेवटचा. आणि पंक्चर काढायची प्रॅक्टिस घरी करून या असं मी सगळ्यांना सांगते, एकदा बर्फाच्या पाण्यात हात बुडवून मग टायर काढून बघा, लोकांना मी गंमत करतेय असं वाटतं पण मी खरंच सांगतेय.

वेळेबद्दल दर वर्षी वाद होतो. लोकांचा समज असा की २२ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस, म्हणजे त्यानंतर सकाळ लवकर व्हायला पाहिजे. तसं होत नाही. दिवस वाढायला लागतो तो संध्याकाळच्या बाजूनं, सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत अजून उशिराच होत जातो. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमाराला सूर्य उगवतो तो ७:१० च्या आसपास, वर्षातला सगळ्यात उशिराचा. म्हणजे संक्रांतीनंतर दिवस तीळ तीळ मोठा होतो हे खरं पण सकाळच्या राईडवाल्याला तो तीळ मिळायला जानेवारीचा शेवट उजाडतो. म्हणून डिसेंबरात आम्ही सव्वासहाला निघतो आणि जानेवारीत साडेसहाला. एवढ्या पंधरा मिनिटांसाठी एवढं काय असं विचारतात काहीजण, पण ती पंधरा मिनिटं अंधारातली असतात आणि अंधारात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात.

ट्रॉल्यांचं सांगायलाच पाहिजे. कारखाने चालू झाले की निफाड-दिंडोरीकडच्या रस्त्यांवर रात्रभर ऊस चालू असतो, कधी एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं भरलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सायकलवाला मागून जाऊन त्यावर आदळू शकतो, आणि समोरून येणारी गाडी ट्रॉलीला ओव्हरटेक करत आपल्या अंगावर येऊ शकते. चालवणाऱ्याला शिव्या देऊन काही होत नाही, तोही बिचारा रात्रभर जागा असतो. मागच्या वर्षी आम्ही वर्गणी काढून लाल रिफ्लेक्टरची टेप आणली, चहाच्या टपरीवर ट्रॉल्या थांबल्या की विचारायचं, दादा लावू का, आणि लावायची. एकानंही नको म्हटलं नाही. एकानं तर उतरून फडक्यानं मागची फळी पुसून दिली आणि टेप सरळ लागली की नाही ते लांब जाऊन बघून आला.

पूर्वेकडच्या राईडला अजून एक भानगड असते, सूर्य. नांदूर नाका, ओढा, चांदोरी असं गेलं की सकाळी सव्वासात ते आठ सूर्य अगदी समोर, डोळ्यात. आपल्याला दिसत नाही ते सोडा, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला पण दिसत नसतं, त्याच्या काचेवर दव आणि समोर ऊन, आणि आपण त्या उन्हातच. त्यामुळे त्या रस्त्याला आमचा मोठा थांबा बरोब्बर याच वेळेला असतो, सूर्य थोडा वर येईपर्यंत कोणीही रस्त्यावर नाही. पश्चिमेला त्र्यंबककडे जाताना ऊन पाठीवर घेऊन जायला मिळतं आणि परत येईपर्यंत नऊ-साडेनऊ झालेले असतात, सूर्य वर गेलेला असतो, शिवाय येताना एकंदर उतार. म्हणून नवीन लोकांना पहिली लांब राईड मी पश्चिमेची देते. गोदावरी जिकडं वाहते तिकडं जाताना सोपं वाटतं, मग परतीचा हलका चढ अंगावर येतो, हे त्यांना दुसऱ्या महिन्यात कळलेलं बरं.

पण पूर्वेची मजा वेगळी आहे हे मान्य करावंच लागेल. निफाडची थंडी म्हणजे काय ते पेपरात दर हिवाळ्यात येतंच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला ते. आपल्याकडे नाशकात १० असेल तर तिकडं दोन-चार अंश कमीच. एका जानेवारीत आम्ही जात होतो तर बागेबागेत शेकोट्या पेटलेल्या, धूर जमिनीलगत पसरलेला, ड्रीप चालू. मला आधी वाटलं माणसं शेकतायत. थांबलो तर एका शेतकरी दादांनी सांगितलं की हे द्राक्षांसाठी आहे, एवढ्या गारठ्यात मण्यांची फुगवण थांबते, तयार मण्याला तडा जातो, म्हणून धूर करायचा आणि विहिरीचं पाणी सोडायचं, ते पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. रात्री तीनपासून ते नि त्यांची मुलगी जागे होते. आम्ही हौसेनं पाचला उठलो होतो आणि ग्रुपवर स्वतःचं कौतुक करत होतो. त्यांनी आमच्या नव्या मुलाला शेकोटीपाशी बोलावलं, त्याचे ओले ग्लोव्हज काठीवर वाळत घातले. तो थांबा माझ्या कागदावर नव्हता, आता आहे, पण दर वेळी आधी त्यांना फोन करून.

नांदूरमध्यमेश्वरची राईड मी जानेवारीच्या शेवटी ठेवते. जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास होतं, त्यामुळे सगळे येत नाहीत, पण जे येतात ते वर्षभर त्याबद्दल बोलतात. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा तो बंधारा, त्याच्या फुगवट्यात साचलेला गाळ आणि गवत, आणि त्यावर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, नशीब असेल तर रोहित म्हणजे फ्लेमिंगो. २०२० मध्ये त्याला रामसरचा दर्जा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो) मिळाला, महाराष्ट्रातली ती पहिली जागा. तिथं आम्ही दीड तास थांबतो आणि तिथं थंडीचा प्रश्न येत नाही कारण नऊ वाजून गेलेले असतात, बांधावर ऊन असतं. सायकली गेटपाशी लावायच्या, फ्लुरोसंट जर्सीवर साधं जॅकेट घालायचं, बेल वाजवायची नाही, स्पीकर तर नाहीच नाही. मागच्या वेळी आठवीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला होता, त्यानं दुर्बिणीतून चक्रवाक बघितला आणि परतीच्या चाळीस किलोमीटरमध्ये एकदाही किती राहिलं असं विचारलं नाही.

पौषातली निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा असते त्या आठवड्यात त्र्यंबक रोडला राईड नसते. पौष वद्य एकादशीसाठी दिंड्या चालत येतात, माणसं अनवाणी, डोक्यावर तुळस, आणि आपण त्यांच्या बाजूनं बेल वाजवत जायचं हे मला पटत नाही. एकदा चुकून तारीख बघायची राहिली तेव्हा आम्ही उतरून सायकली हातात धरून चाललो, दिंडीतल्या माउलींनी आम्हालाच पाणी विचारलं. तेव्हापासून कॅलेंडरवर आधी ती एकादशी मार्क करते, मग राईड्स.

बाकी लाईटचं थोडक्यात. पुढं पांढरा, मागं लाल, दोन्ही सगळ्यांना, चार्ज करून. ग्रुपमध्ये मागचा लाईट लुकलुकता ठेवायचा तो फक्त शेवटच्या दोघांनी, बाकीच्यांनी स्थिर, नाहीतर मागच्याच्या डोळ्यांचं भजं होतं. मोठ्या रस्त्यावर एकामागं एक. आठ-दहाचा एक घोळका आणि दोन घोळक्यांत एवढं अंतर की मोटार मध्ये शिरू शकेल. आणि घरापासून जमायच्या जागेपर्यंत कोणी एकटं यायचं नाही, विशेषतः मुली, कारण साडेपाचला रस्त्यावर कुत्री असतात आणि माणसं नसतात. कोण कोणाला घेणार त्याच्या जोड्या शनिवारी रात्री नऊपर्यंत लागतात, याला मला राईडपेक्षा जास्त वेळ लागतो पण मी तो देते.

नाशिकचं सायकलिंगमधलं नाव मोठं आहे. २०१५ मध्ये महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी दोघांच्या टीममध्ये रॅम म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, ते करणारी ती पहिली भारतीय टीम, आणि २०१७ मध्ये इथंच तयारी करणाऱ्या श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा, चार हजार आठशेच्या आसपास किलोमीटर. मला याचा खूप अभिमान आहे. पण यामुळे होतं काय की नवीन माणूस मला फोन करतो तो असा, "ताई तुमचे लोक फार फास्ट असतील ना, मला फक्त पंधरा-वीस किलोमीटर जमतात, मी आलो तर चालेल का?" यात त्या माणसाची चूक नाही, आम्ही ग्रुपवर फोटो टाकतो ते ब्रेवेच्या (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राईडच्या) मेडलचे, दोनशे-तीनशे किलोमीटरचे. पंधरा किलोमीटर करून घरी जाऊन मुलांचा डबा भरणाऱ्या बाईचा फोटो कोणी टाकत नाही. यंदा मी ठरवलंय की प्रत्येक राईडचा एकच फोटो, आणि तो शेवटची सायकल थांब्यावर पोचते तेव्हाचा.

तर या रविवारी गिरणारे. जमायचं जेहान सर्कलला सहाला, निघायचं सव्वासहाला, सव्वासहा म्हणजे सव्वासहा. जाऊन-येऊन पस्तीस-चाळीस, गंगापूर गावात पहिला थांबा, दुसरा गिरणाऱ्यात, भिंतीच्या आडोशाला, ऊन साडेसातच्या आत येतं, गुरुवारी जाऊन बघून आलेय. पाणी प्या, थंडीत तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच परत आणू नका. ज्यांना दमा आहे त्यांनी पंप खिशात ठेवा, बॅगेत तळाशी नको. छातीत काही वेगळं वाटलं तर लगेच सांगायचं, पुढच्या चढापर्यंत थांबायचं नाही. येताना मिसळ, ज्यांना तिखट चालत नाही त्यांच्यासाठी दही जास्तीचं सांगून ठेवलंय. कोणाकडे हरभऱ्याचे डहाळे आले असतील तर घेऊन या. पेपर मी आणते सगळ्यांसाठी. वहिनींना मेसेज केलाय.